जॉर्ज बूल: ‘आणि’, ‘किंवा’, ‘सोडून’ यांचं गणित मांडणारा मास्तर

नोकरी लागून मला सात-आठ महिने झाले होते. एका बससेवेच्या तिकीट यंत्रणेचं काम आमच्या टीमकडे होतं. कंडक्टरच्या हातातल्या मशीनमध्ये जे सॉफ्टवेअर चालतं, त्यातला सवलतींचा भाग माझ्याकडे आला. नियमांच्या कागदावर एक साधी ओळ होती: ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग प्रवाशांना अर्धं तिकीट. मी ती वाचली, ‘आणि’ दिसलं, ‘आणि’ म्हणजे &&, आणि दोन मिनिटांत कोड लिहून मोकळी झाले.

जर (ज्येष्ठ && दिव्यांग) तर अर्धं तिकीट

चाचणीसाठी मी एक प्रवासी बनवला होता. वय ७०, दिव्यांग. मशीनने अर्धं तिकीट दिलं, हिरवी खूण आली, मी चहा प्यायला गेले.

चूक कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलं असेलच. मशीनच्या मते सवलत फक्त त्यालाच, जो ज्येष्ठही आहे आणि दिव्यांगही. बाकी सगळ्यांना पूर्ण तिकीट. दोन दिवसांनी तक्रारी आल्या. त्यातली एक माझ्या डोक्यातून अजून जात नाही. एक आजोबा नेमके अर्ध्या तिकिटाचे सुटे पैसे घेऊन दवाखान्यात निघाले होते. मशीन दुप्पट रक्कम दाखवत होतं आणि कंडक्टरच्या हातात काहीच नव्हतं. आजोबा पुढच्या स्टॉपला उतरले.

नियमात ‘आणि’ लिहिलं होतं आणि कोडमध्ये ‘किंवा’ हवं होतं. कागद चुकीचा नव्हता, मराठीही चुकीची नव्हती. मग गडबड नक्की कुठे होती? याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा मिळालं, तेही १८५४ सालच्या एका पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात. ते लिहिणाऱ्याचं नाव आपण रोज घेतो. प्रोग्रॅमिंग शिकताना पहिल्याच आठवड्यात ‘बूलियन’ येतं. खरं किंवा खोटं, एवढंच आपण लक्षात ठेवतो आणि पुढे जातो. हा बूल कोण, हे मला चार वर्षं इंजिनिअरिंग करूनही माहीत नव्हतं. २ नोव्हेंबर २०१५ ला गुगलने त्याच्या दोनशेव्या वाढदिवसाचं डूडल लावलं होतं. तेही मी बघून पुढे सरकवलं होतं.

जॉर्ज बूलचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ चा, इंग्लंडमधल्या लिंकन गावचा. वडील जॉन बूल बूट बनवायचे, पण जीव बुटात कमी आणि दुर्बिणी, भिंगं, उपकरणं यांत जास्त. साहजिकच धंदा यथातथाच. आई लग्नाआधी एका घरात बाईसाहेबांची मोलकरीण होती. चार भावंडांत जॉर्ज थोरला. शाळा जेमतेम. लॅटिन त्याला गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने शिकवलं, ग्रीक तो स्वतःचं स्वतः शिकला. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचं भाषांतर केलं आणि वडिलांनी कौतुकाने ते स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणलं. त्यावर एका शिक्षकाने आक्षेप घेतला की एवढ्या वयाच्या पोराला हे जमणंच शक्य नाही, कुठून तरी उचललंय. आजच्या भाषेत, कॉपी-पेस्टचा आरोप!

म्हणजे गणिताच्या आधी या मुलाच्या हातात भाषा होती. एका भाषेतलं वाक्य दुसरीत नेताना काय सांडतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. मला वाटतं, पुढचं सगळं इथूनच आलंय.

सोळाव्या वर्षी वडिलांचा धंदा बसला आणि घर चालवायची जबाबदारी जॉर्जवर आली. तो डॉनकास्टरच्या एका शाळेत मदतनीस शिक्षक झाला. शाळा धार्मिक वळणाची. हा रविवारीही गणिताची पुस्तकं वाचत बसतो अशी तक्रार गेली आणि नोकरी गेली, असं सांगतात. गणिताचीच पुस्तकं का, याचंही एक कारण सांगितलं जातं आणि ते मला फार आवडतं. पैसे मोजकेच, आणि गणिताचं पुस्तक वाचून संपायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. पूर्ण पैसे वसूल.

याच डॉनकास्टरच्या दिवसांत, वयाच्या सतराव्या वर्षी, एका शेतातून चालत जाताना त्याला कल्पना सुचली की माणूस विचार कसा करतो तेही गणिताच्या चिन्हांत मांडता येईल. ही आठवण त्याच्या बायकोने पुढे लिहून ठेवली आहे. कल्पनेवर लगेच काम वगैरे काही झालं नाही. पोट होतं ना मागे. एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली आणि पुढची पंधरा वर्षं मास्तरकी हेच त्याचं पोटापाण्याचं साधन राहिलं. दिवसा मुलांना शिकवायचं आणि रात्री जड फ्रेंच गणिती ग्रंथ फोडत बसायचं. दुकानांत काम करणाऱ्या पोरांना संध्याकाळी लवकर सुट्टी मिळावी म्हणून गावात चळवळ चालली होती, त्यातही तो होता.

डिग्री नाही, कॉलेज नाही, तरी केंब्रिजच्या गणिती नियतकालिकात त्याचे लेख येऊ लागले. १८४४ मध्ये कलनावरच्या एका निबंधासाठी रॉयल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. त्या सोसायटीने गणितासाठी दिलेलं ते पहिलंच सुवर्णपदक. गावातल्या शाळेच्या मास्तराला!

मग १८४७ उजाडलं. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन आणि लंडनचा गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यात तर्कशास्त्रावरून कडाक्याचं भांडण लागलं होतं. वाक्यातलं ‘सगळे’ आणि ‘काही’ नेमकं कसं धरायचं, आणि ही कल्पना आधी कोणाची, असा वाद. (हा डी मॉर्गन जन्मला आपल्याकडे मदुराईला, १८०६ मध्ये.) ते भांडण वाचून बूलला आपली जुनी कल्पना आठवली आणि त्याने ऐंशीएक पानांचं पुस्तक लिहून टाकलं. तर्कशास्त्र ही गणिताचीच गोष्ट आहे, असा त्याचा दावा. डी मॉर्गनचं पुस्तकही त्याच वर्षी आलं.

डी मॉर्गनचं नाव तुम्ही त्याच्या नियमांमुळे ऐकलं असेल. जेवण मागवायच्या ॲपवर कोणी सांगतं, कांदा किंवा लसूण नको. बोलताना ‘किंवा’ आलं, पण म्हणायचं आहे की दोन्ही नकोत: !कांदा && !लसूण. शब्दाला शब्द ठेवून !कांदा || !लसूण लिहिलंत तर लसणाची चटणी बिनदिक्कत ताटात येईल, कारण तिच्यात कांदा नाही ना!

१८४९ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क शहरात नव्याने उघडलेल्या क्वीन्स कॉलेजने बूलला गणिताचा पहिला प्राध्यापक नेमलं. ज्याने स्वतः कॉलेजची पायरी चढली नव्हती तो थेट प्राध्यापक. आयर्लंड तेव्हा बटाट्याच्या दुष्काळाने पार खचला होता. तिथे बसून त्याने आपलं मोठं पुस्तक लिहिलं, विचारांच्या नियमांवरचं. ते १८५४ मध्ये आलं. मी वर म्हटलं ते हेच.

त्याच्या दुसऱ्या प्रकरणात बूल काय करतो? तो रोजच्या बोलण्यातले शब्द एकेक करून उचलतो आणि विचारतो, हा शब्द नेमकं काय काम करतोय?

आधी विशेषणं. क्ष म्हणजे जगातल्या सगळ्या पांढऱ्या गोष्टी आणि य म्हणजे सगळ्या मेंढ्या, असं धरा. मग क्षय म्हणजे पांढऱ्या मेंढ्या. (मेंढ्यांचं उदाहरण त्याचंच आहे.) दोन अटी शेजारी ठेवल्या की गुणाकार, आणि उरतात फक्त दोन्ही अटी पाळणाऱ्या गोष्टी. हे आपलं &&. आता पांढऱ्या गोष्टींतून परत पांढऱ्या निवडल्या तर? काहीच बदलत नाही. आपण मराठीत जोर द्यायला पांढरीशुभ्र म्हणतो, पण म्हणून कळपातली मेंढरं कमी-जास्त होत नाहीत. म्हणजे क्ष × क्ष = क्ष. नेहमीच्या आकड्यांत हा नियम कोण पाळतं? फक्त ० आणि १. बाकी एकही आकडा नाही. करून बघा. बूलने ० चा अर्थ लावला ‘काहीच नाही’ आणि १ चा अर्थ ‘सगळं जग’. तुमच्या फोनमधल्या ०-१ ची पहिली ओळख ही अशी मेंढ्यांमधून होते.

मग येतात जोडशब्द, आणि इथे मला माझा बसचा कागद दिसला. झाडं आणि दगड असं आपण म्हणतो तेव्हा झाडही असेल आणि दगडही असेल अशी वस्तू आपण शोधत नसतो. आपण दोन ढीग एकत्र करत असतो. म्हणून इथे ‘आणि’ म्हणजे बेरीज. बूल स्पष्ट सांगतो की नामांच्या मधे आलेलं ‘आणि’ असो वा ‘किंवा’, काम एकच आहे, ढीग जोडायचं.

मराठीत हे जसंच्या तसं लागू पडतं. ‘पांढरी आणि गुबगुबीत मेंढी’ म्हटलं की दोन अटी, एकच मेंढी: &&. ‘मेंढ्या आणि बकऱ्या’ म्हटलं की दोन कळप, एक यादी: ||. दुकानावरची पाटी बघा, रविवार व सुट्टीच्या दिवशी बंद. म्हणून काय फक्त रविवारी आलेल्या सुट्टीलाच दुकान बंद असतं? ‘ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग प्रवासी’ हेही दोन ढीग होते. मी शब्द बघितला, शब्दाचं काम बघितलंच नाही.

‘सोडून’ साठी त्याने वजाबाकी घेतली. सगळे विद्यार्थी, दहावीचे सोडून: क्ष − य. कोडमध्ये विद्यार्थी && !दहावी. इथे मराठीचा एक स्वतःचा खड्डा आहे, जो बूलला माहीत असायचं कारण नाही. ‘शिवाय’. तिकिटाशिवाय प्रवेश नाही, यात शिवाय म्हणजे तिकीट नसेल तर. अर्जाला फोटो लावा, शिवाय आधार कार्डची प्रत जोडा, यात शिवाय म्हणजे आणखी हेही. एकाच शब्दात एकदा ! आणि एकदा &&. आमच्या टीमला येणाऱ्या मराठी कागदांत हा शब्द दिसला की मी पेन्सिलने गोल करते.

सगळ्यात जास्त घोळ ‘किंवा’ घालतं. चहा घेणार किंवा कॉफी, असं काकूंनी विचारलं की दोन्ही मागायची हिंमत कोणी करत नाही. पण आधार कार्ड किंवा पासबुक आणा म्हटलं, आणि तुम्ही दोन्ही नेलंत, तर कोणी हाकलून देत नाही. बूलने हे दोन ‘किंवा’ वेगवेगळे लिहिले. दोन्हींपैकी फक्त एकच चालेल तर क्ष(१ − य) + य(१ − क्ष). निदान एक हवं, दोन्हीही चालतील, तर क्ष + य(१ − क्ष). यात (१ − क्ष) म्हणजे क्ष नसलेलं सगळं. दुसरं सूत्र जरा नीट बघा. आधी क्ष बघ. क्ष नसेल तरच य कडे जा. जावा असो, पायथन असो, ‘किंवा’ची अट आजही याच क्रमाने तपासली जाते. पहिलं खरं निघालं तर दुसऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

पुस्तकात पुढे तो एका अर्थशास्त्रज्ञाची संपत्तीची व्याख्या घेतो. जी वस्तू दुसऱ्याला देता येते, जिचा पुरवठा मर्यादित आहे, आणि जी सुख देते किंवा दुःख टाळते, ती संपत्ती. व्याख्या वाचायला किती सरळ! पण सूत्र लिहिताना प्रश्न पडतोच. जी वस्तू सुखही देते आणि दुःखही टाळते, तिचं काय? बूल दोन्ही अर्थांची वेगळी सूत्रं देतो. क्लायंटच्या मीटिंगमध्ये आपण तोंड उघडून हाच प्रश्न विचारायचा असतो, आणि नवीन असताना आपण लाजतो.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आज कॉलेजात बूलियन बीजगणित म्हणून जे शिकवतात ते हुबेहूब बूलचं नाही. त्याची बेरीज फक्त एकमेकांत न मिसळणाऱ्या ढिगांसाठी होती. तरुण अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्सने त्याला पत्रातून सुचवलं की क्ष + क्ष = क्ष असं सरळ मानून टाकू, म्हणजे ढीग मिसळले तरी अडणार नाही. बूलने ते मान्य केलं नाही. पुढे जग जेव्हन्सच्या बाजूने गेलं, आणि आपलं || जेव्हन्सचंच आहे. सोय त्यातच आहे, मान्य. पण बूलच्या पद्धतीत बेरीज लिहिण्याआधी दोन्हींत असणाऱ्यांचं काय करायचं हे ठरवावंच लागायचं. सवलतींचे नियम लिहिणाऱ्या माणसाला ही सक्ती काही वाईट नाही.

१८५५ मध्ये बूलने मेरी एव्हरेस्टशी लग्न केलं. तो ३९ वर्षांचा, ती २३ ची. आडनाव ओळखीचं वाटलं ना? भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट तिचे काका. शिखराला नाव त्यांचंच. नऊ वर्षांत पाच मुली झाल्या. सुखाचा काळ होता तो.

नोव्हेंबर १८६४ च्या अखेरीस एक दिवस तो घरून कॉलेजला निघाला. अंतर सुमारे तीन मैल, वरून धो धो पाऊस. ओल्याच कपड्यांत त्याने तास घेतला. ताप आला, तो फुप्फुसांत उतरला. ज्या कारणाने आजार झाला त्यानेच तो बरा होतो असं मेरीला वाटायचं, म्हणून तिने त्याला ओल्या चादरींत ठेवलं, असं सांगतात. या गोष्टीवरून लोक मेरीला फार सहज हसतात. मला ते पटत नाही. न्यूमोनियावर तेव्हा डॉक्टरांकडेही धड औषध नव्हतं. ८ डिसेंबर १८६४ ला जॉर्ज बूल गेला, ४९ व्या वर्षी. थोरली मुलगी आठ वर्षांची, धाकटी सात महिन्यांची.

मेरीने त्या मुलींना वाढवलं आणि स्वतः मुलांना गणित कसं शिकवावं यावर पुस्तकं लिहिली. अलिशिया कॉलेजात न जाता चार मितींच्या भूमितीत नाव काढून गेली. लूसी रसायनशास्त्रज्ञ झाली. धाकटी एथेल कादंबरीकार झाली. थोरल्या मेरी एलनचं लग्न हिंटन घराण्यात झालं, आणि त्या घरातला बूलचा खापरपणतू म्हणजे जेफ्री एव्हरेस्ट हिंटन, ज्याला एआयच्या पायाभूत कामासाठी २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुम्ही चॅटबॉटला प्रश्न विचारता तेव्हा याच घराण्याचं काम दुसऱ्यांदा वापरत असता.

पहिल्यांदा वापरता ते मात्र घराण्याबाहेरच्या एका मुलामुळे. क्लॉड शॅनन अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकत असताना तत्त्वज्ञानाच्या तासाला बूलचं तर्कशास्त्र शिकला होता. पुढे एमआयटीत तो रिले स्विचांच्या जंजाळात काम करायला लागला आणि त्याला दिसलं की हे तेच आहे. दोन स्विच एकापुढे एक लावले तर दिवा लागायला दोन्ही चालू हवेत: आणि. शेजारी शेजारी लावले तर कुठलाही एक पुरतो: किंवा. १९३७ मध्ये, २१ व्या वर्षी, त्याने यावर मास्टर्सचा प्रबंध लिहिला. बूल जाऊन तेव्हा ७३ वर्षं झाली होती. त्याने आयुष्यात विजेचा दिवाही वापरला नव्हता.

कॉर्कच्या त्या कॉलेजचं आता युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क झालंय आणि तिथल्या ग्रंथालयाला बूलचं नाव आहे.

माझी बसची चूक दुरुस्त करायला एक चिन्ह पुरलं. && च्या जागी ||. जास्त वेळ चाचणीचे प्रवासी बनवायला गेला. बूल कुठल्याही दोन अटी आल्या की जगाचे चार तुकडे करायचा: क्षय, क्ष(१ − य), (१ − क्ष)य आणि (१ − क्ष)(१ − य). या चारांच्या बाहेर कोणी उरत नाही. तेव्हा मी त्याचं पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण माझ्या सीनियरने वहीवर नेमके हेच चार चौकोन काढून दिले होते. पहिला प्रवासी ज्येष्ठ आणि दिव्यांग, जुनाच. दुसरे, सुटे पैसे घेऊन निघालेले आजोबा. तिसरी, कुबड्या घेऊन कॉलेजला जाणारी एक मुलगी. तिघांनाही अर्धं तिकीट आलं. चौथ्या चौकोनात मी माझंच वय टाकलं, २३, आणि मशीनने पूर्ण तिकीट फाडलं.